मधाळे वकिलांचे ड्रम

बेळगावच्या कोर्टात नीलम मधाळे यांच्याशी वाद घालून कुणी सुखानं दोन घास खाल्लेत असं ऐकिवात नाही. उद्यमबागेतल्या शेडमध्ये तर नाहीच नाही. ही शेड लेथ मशीनच्या दोन कारखान्यांच्या मधे आहे. कोर्ट सुटलं की तिघंजण तिथं जमून हेवी मेटल वाजवतात. शेजारी तक्रार करत नाहीत, कारण त्यांचा आवाज यांच्याहून मोठा. गिटारवर असतो अरिहंत, चिकोडीकडच्या जैन तंबाखू व्यापाऱ्याचा धाकटा. बेस गिटार आणि गाणं सौम्याकडं, ती कन्नड शाळेत शिकवते. आणि काळा कोट खिळ्याला अडकवून, बाह्या वर सारून ड्रमवर बसतात त्या आमच्या वकिलीणबाई.

वाजवण्यापेक्षा भांडण जास्त, अशी या मंडळींची ख्याती. आणि भांडण कायम एकच: या संगीताचा मूळ पुरुष कोण?

अरिहंतचा जीव लेड झेपलिन या जुन्या इंग्रज बँडवर. "त्यांचा ड्रमर ऐकलास का? तुझ्यासारखे शंभर ड्रमर त्याचं बघून शिकलेत," तो म्हणे. सौम्याला डीप पर्पलचा वेग आणि तो गुरगुरणारा ऑर्गन आवडे. नीलम दोघांचं ऐकून घेई आणि मग उलटतपासणी सुरू करी.

"झेपलिन थोर, कबूल. पण पाया ब्लूजचा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्याचा. घर जुनं, माडी नवी. पर्पलनं वेग दिला, तेही कबूल. नुसत्या दणक्याचंच म्हणशील तर अमेरिकेत ब्लू चीअर त्यांच्या आधीच भिंती हादरवत होते. पण घरच नवीन कुणी बांधलं? ब्लॅक सबाथनं. बर्मिंगहॅमची कारखान्याच्या गल्लीतली पोरं. गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या मशीननं नेली. लोक म्हणाले, संपलं. यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पुढं तारा सैल सोडल्या, आणि त्यातनं तो जड, काळा आवाज आला. तसा आवाज आधी कुणी काढला होता, दाखव पुरावा."

"आणि जुदास प्रीस्ट?" अरिहंत चिवट होता.

"ते पण त्याच भागातले. ब्लूज धुऊन काढला, दोन गिटारी समोरासमोर उभ्या केल्या. मोटरहेडनं त्याला पळायला लावलं. पण हे सगळे वारस रं. वारसांची रांग कुणाच्या दारातनं सुरू होते ते बघ, म्हणजे मूळ मालक कळतो."

असा निकाल देऊन ती काठ्या उचलायची, म्हणजे अपिलाला जागाच नाही.

या बाईला एवढी खुमखुमी कशाची, असं कुणालाही वाटेल. ते समजायला तिच्या घरात डोकवायला हवं.

नीलमचा आजा कल्लाप्पा. कोगनोळीच्या नाक्यावरून आत वळलं की नदीकडं जाताना एक गाव लागतं, तिथला. गावाचं नाव सांगत नाही, आसपासची बरीच गावं तशीच होती. कल्लाप्पा हलगी वाजवायचा. हौस म्हणून नव्हे. पालखी निघाली, वाजीव. पाटलाच्या घरी बारसं, वाजीव. मयत झालं, पुढं हो आणि वाजीव. हात असा गोड की माणसं कामं सोडून थांबत, पण देवळाच्या पायरीवर चढायची सोय नव्हती. बाबासाहेबांच्या मागून दीक्षा घेतली त्या साली कल्लाप्पानं हलगी नदीत सोडली, बायकोला घेऊन निपाणी गाठली आणि तंबाखूच्या वखारीत हमालीला लागला. आमच्या घरात पुन्हा कातडं वाजणार न्हाय, एवढं एकच बोलला, आणि ते मरेपर्यंत पाळलं.

त्याचा मुलगा भीमरत्न, म्हणजे नीलमचे आप्पा, शिकून हेडमास्तर झाला. त्यानं बापाचा शब्द जपला तो डोळ्यात तेल घालून. लहानपणी नीलमनं ताटावर चमचा वाजवला तरी आप्पांचा आवाज यायचा, "हात आवर." आता हात कुठं आवरता येतो का? आज्याचाच हात तो. लॉ कॉलेजात असताना कॅम्पातल्या एका चर्चमध्ये तिला जुना ड्रमसेट दिसला. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले भरमा मास्तर तिथं शिकवायचे. महिन्याभरानं तिनं घरी येऊन ड्रम शिकतेय म्हणून सांगून टाकलं. लपवाछपवी तिच्या रक्तात नाही.

"आप्पा, ते कातडं नसतंय. प्लास्टिक असतंय," तिनं कायद्याची फट काढली.

आप्पा ओरडले नाहीत. उठून आत गेले. पुढं इतकी वर्षं गेली, पोरगी नामांकित वकील झाली, कॉलेजांच्या मेळाव्यांत तिच्या ड्रमवर पोरं नाचली, पण आप्पांनी एकदाही ऐकलं नाही. तिला टाळ्यांचं काही वाटेना. बापानं एकदा समोर बसून ऐकावं, एवढाच तिचा हट्ट होता, आणि तो कमी होण्याऐवजी वाढतच चालला होता.

तशात गावाहून फोन आला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष बोलत होता. "आक्का, तुम्ही आमच्या गावची लेक. यात्रेच्या सांजंला तुमच्या बँडचा कार्यक्रम पायजे. स्टेज, लाइट, सगळं आमचं."

ज्या गावात आज्याला पायरी नव्हती तिथं नातीला स्टेज! तिनं आप्पांना सांगितलं.

"स्टेजवर?"

"स्टेजवर, आप्पा."

"येतो मग."

पक्षकारांना कागदावाचून श्वास घेऊ न देणारी ही वकील त्या दिवशी हुरळली आणि एक साधा प्रश्न विचारायला विसरली: नुसता कार्यक्रमच का, की आणखी काही?

यात्रेच्या दिवशी दुपार कलताना टेम्पो गावात शिरला. वेशीवरच बॅनर होता. नीलमचा कोटातला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: पालखीपुढं परंपरागत हलगीचा मान, मधाळे घराणं. आप्पांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं.

देवळापुढं अध्यक्ष हसत सामोरा आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्याच्या हातात कोरी करकरीत हलगी होती, वर झेंडूचा हार.

"आक्का, आधी पालखीपुढं पाच मिन्टं. तुमचाच मान हाय पिढ्यान्‌पिढ्याचा. मग स्टेज तुमचंच."

"आणि हलगी न्हाय वाजवली तर?"

अध्यक्ष गोंधळला. "तसं कसं? कमिटीत ठरलंय. आधी मान, मग स्टेज."

अरिहंतनं तिला बाजूला घेतलं. "पाच मिनिटांचा प्रश्न आहे गं. वाजव आणि मोकळी हो. आप्पा एवढ्या वर्षांनी ऐकायला आलेत, आज नाही तर कधीच नाही."

ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. "तुझ्या घरात कुणाला पालखीपुढं उभं केलं न्हाय," ती म्हणाली, "म्हणून तुला ती पाच मिन्टं वाटतात."

ती परत अध्यक्षापुढं आली. हलगी हातात घेतली. भोवतीच्या लोकांत समाधानाची कुजबुज झाली, मोबाइल वर झाले.

"हा मान हाय म्हणता न्हवं?"

"व्हय की! लई मोठा मान."

"मग एवढा मोठा मान एकाच घरानं किती दिवस खायचा? ह्या वर्षी तुम्ही घ्या." तिनं हलगी त्याच्यापुढं धरली. "ठेका मी शिकवते. सोपा हाय."

अध्यक्षाचा हात पुढं आला नाही. त्यानं शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं पोलीस पाटलाकडं. नीलम हलगी धरून एकेकापुढं उभी राहिली, शांतपणे, साक्षीदाराला वेळ द्यावा तशी. वर गेलेले मोबाइल खाली आले. अख्ख्या देवळापुढं एवढा मान घ्यायला एक हात निघाला नाही. तिनं हलगी हारासकट पायरीवर ठेवली.

"मग स्टेज न्हाय मिळणार, आक्का," अध्यक्ष खाली बघत म्हणाला.

"नको."

टेम्पो वळला. पण निपाणीकडं नाही. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, तिथं विहाराचं अंगण होतं. आप्पांची चुलत बहीण पारूबाई शेजारच्या आपल्या दारात उभी होती, बातमी टेम्पोच्या आधी पोचली होती. तिनं काही न विचारता विहाराचं कुलूप काढलं. "वायर कुठं जोडायची तेवढं सांगा."

वस्तीतल्या बायामाणसांनी हातोहात सामान उतरवलं. अंधार पडायच्या आत ड्रम लागले. नीलम मागं बसली, आणि तेव्हा तिला दिसलं की आप्पा टेम्पोजवळच उभे आहेत. तिचा धीर सुटला. स्टेज म्हणून सांगून बापाला तिनं आणलं होतं त्याच जुन्या अपमानापुढं. ती उठून त्यांच्याकडं गेली.

"चुकलं, आप्पा. विचारायला पाहिजे होतं. तुम्हाला नको असेल तर न्हाय वाजवत. सामान भरते परत."

आप्पांनी तिच्या हातातल्या काठ्यांकडं पाहिलं.

"तुझ्या आज्याचा राग आवाजावर नव्हता गं. लई आवडायचा त्याला तो आवाज. शेवटच्या आजारात खाटंवर बोटं हलायची त्याची. मी तोंड फिरवून बसायचो." त्यांनी एका काठीवर बोट टेकवलं. "राग हुकमावर होता. तो म्हणला कातडं, आणि मी मास्तर असून कातडंच धरून बसलो. आत्ता तुला इथं वाजवायचा हुकूम कुणी केलाय?"

"कुणी न्हाय."

आप्पांनी पारूबाईच्या दारातली खुर्ची उचलली, ड्रमच्या अगदी समोर आणून ठेवली आणि बसले.

"मग वाजीव," ते म्हणाले. "आणि देवळापर्यंत जाऊ दे."