खंडेनवमीला उघडी ठेवलेली पेटी

आमच्या घरात लपवून ठेवण्याजोगी एकच वस्तू होती. ती आम्ही हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून गावापुढे मांडली आणि वर सगळ्यांना शिराही वाढला. एवढ्या वर्षांनी हे आठवलं की अजून जीव जळतो.

त्या काळी चिंचवडला वीज नवी होती, आणि तिच्या मागोमाग मोटर जळायचं दुखणं आलं होतं. गिरणीची मोटर तीन तारांवर चालते. त्यातल्या एका तारेतली वीज गेली तरी ती थांबत नाही, नुसती घुमत राहते, तापते आणि जळते. मग ती बैलगाडीत घालून पुण्याला न्यायची, आतली तार नव्यानं गुंडाळून आणायची, आणि तोवर बायांनी जात्यावर दळायचं.

आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात वायरमन होते. साताऱ्याकडून आम्ही आलो ते त्या नोकरीसाठीच. शिफ्ट सुटली की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यांची दुसरी शिफ्ट सुरू व्हायची. तिथं यांनी एक पेटी बनवली. तिन्हींपैकी एका तारेतली वीज गेली की ही पेटी मोटर आपोआप बंद करायची. पहिली पेटी गावातल्या गिरणीवाल्यानं लावून पाहिली आणि तो धावतच घरी आला.

"वैनी, काल लाइट अर्धीच गेली, आन् मोटर आपसूक गप झाली की! जळली न्हाई!"

त्या दिवसापासून यांच्या डोक्यात एकच होतं. नोकरी सोडायची, पेट्या बनवायच्या आणि स्वतःच्या नावाची पाटी लावायची. जागाही हेरून ठेवली होती, गिरणीच्या मागची. मीही मनातल्या मनात तिथं दोन पत्रे वाढवून घेतले होते.

कारखान्यातले एक साहेब भले होते. ते म्हणाले, "कल्पना नवी आहे. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत अर्ज करून हिचा हक्क नोंदवून घ्या. तोवर कुणाला आत डोकावू देऊ नका." तेव्हापासून हे पेटीचं झाकण लाखेनं बंद करू लागले. पण साहेब बोलले तेव्हा पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात आम्ही नवी केरसुणीसुद्धा घरात आणत नव्हतो, तिथं अर्ज कसला करणार! दसऱ्याचा मुहूर्त साधून पाठवायचा ठरला. यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. यांनी पक्कड, पाने, हातोडी सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं, आणि मग त्या पहिल्या पेटीवरची लाख खरवडून झाकण काढलं.

"अहो, साहेब काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"अगं, देवापासून काय लपवायचं? तलवारसुद्धा म्यानातून काढूनच पुजतात."

देवापासून लपवू नये हे खरं. पण त्या दिवशी शेडचं दार उघडं असतं आणि देवाबरोबर माणसंही येतात. गिरणीवाला मोठ्या कौतुकानं पुण्याच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. जळलेल्या मोटरी दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा होता. पाहुण्यानं डोळे मिटून नमस्कार केला, आणि डोळे उघडले ते थेट पेटीतच. मग तो हळू आवाजात, फार आदरानं विचारत गेला. हे कशासाठी? ती स्प्रिंग इथंच का? यांना इतक्या मायेनं कधी कुणी काही विचारलं नव्हतं. यांची कळी खुलली आणि यांनी बोट ठेवून ठेवून सगळं सांगितलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी शेजारीच उभी होते. त्याला दुसऱ्यांदा शिरा वाढला तो मीच, आणि तूपही सोडलं.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अर्ज गेला. नकाशे नीट नाहीत म्हणून तो परत आला. ते नीट करून घेईपर्यंत उन्हाळा लागला आणि पुण्याच्या दुकानांत तशाच पेट्या दिसू लागल्या, त्या व्यापाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी मारलेल्या. साहेब म्हणाले, भांडायला वकील हवा आणि साक्षीदार हवेत. साक्षीदार काय, अख्खी आळी होती. पण आळीनं शिरा पाहिला होता, पेटीत कोण बघतंय!

मग एकदा गिरणीवालाच तसली एक पेटी दुरुस्तीला घेऊन आला. त्याची मान वर होत नव्हती. "मीच आनला त्याला तुमच्या दारात. मला ठावं नव्हतं, मालक."

"तुमचा काय दोष?" म्हणत यांनी पेटी उघडली. आतल्या पत्र्याला एक बिनकामाचं भोक होतं. पहिली पेटी करताना यांच्या हातून ते चुकून पडलं होतं, आणि व्यापाऱ्यानं तेही जसंच्या तसं पाडलं होतं. हे माझ्याकडे बघून हसले. "बघ, माझी चूकसुद्धा सोडली नाही." मला मात्र रडू फुटलं. यांनी पेटी दुरुस्त करून दिली आणि शिफ्टला निघून गेले.

नोकरी सुटली नाही. गिरणीमागच्या जागेत पुढे कुणीतरी गोठा बांधला. नवमीची पूजा आम्ही शेडचं दार लावून करू लागलो. हळूहळू मला वाटायला लागलं, चला, हे ते सगळं विसरले.

आणि एका संध्याकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले, तर हे जमिनीवर खडूनं काहीतरी मोठं काढत बसले होते. चेहऱ्यावर पूर्वीचं तेज होतं. मला इतका आनंद झाला की चहा हिंदकळला.

"नवीन काय काढलंय?" मी विचारलं.

यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि चपलेनं तो खडू पुसत म्हणाले, "काही नाही गं."