जनीकाकींचं गरम दूध

मंगळवारी इथे खोडाळ्यात मी भांडायच्या तयारीनं शेजारी गेले... आणि माझा पार पोपट झाला.

शेजारी म्हणजे जनीकाकी. भात-नागलीची शेती, दारात एक डांगी गाय आणि तिचं वासरू. मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून वयानं मोठ्या असूनही काकी मला 'बाई' म्हणतात.

माझी सात वर्षांची रेवा घरात दुधाचा थेंब पीत नाही. वेलची घालून झाली, चॉकलेट पावडर झाली, हातापाया पडून झालं. आणि हीच मुलगी रोज संध्याकाळी काकींकडे पेलाभर दूध पिऊन येते, वर मला सांगते, तुझ्या दुधाला वास येतो! खरं सांगते... माझ्या पोटात दुखायचं. जन्म मी दिला, रात्री मी जागवल्या, आणि दूध प्यायचं काकींच्या हातचं.

एकदा मी विचारलंही होतं, तिथलं दूध उकळलेलं असतं ना? "गरम असतं गं आई, वर फेस पण असतो." गरम म्हणजे तापवलेलंच, असं मी धरून चालले.

मंगळवारी दुपारी घरच्या ग्रुपवर दुधावरून जुंपली. पुण्याचे दीर कच्च्या दुधाचं गुणगान गात होते, तापवलं की सगळं सत्त्व जातं म्हणे. डॉक्टर नणंद त्यांना ठणकावत होती की गाय कितीही धडधाकट दिसली तरी कच्च्या दुधातून आजार होऊ शकतात, लहान मुलांना तर देऊच नका. त्यावर दिरांनी लिहिलं, धारोष्ण दूध मुळात गरमच असतं, तापवायचं कशाला?

ते वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. धारेचं गरम... फेसासकट!

घाबरले, हे खरं. पण त्याआधी क्षणभर मला आनंद झाला, हेही खरं. काकींची चूक सापडली होती ना.

शाळा सुटल्यावर तडक गेले. काकींनी नुकतीच धार काढली होती आणि रेवा पेला पुढे करून उकिडवी बसली होती. पेला मी हिसकावलाच. जंतू, ताप, जुलाब... वर्गातल्या आवाजात सगळं ऐकवलं.

काकींनी ऐकून घेतलं. मग हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "आमच्यात दूध कोन पितं, बाई? दूध वासराचा. तुमची पोर मागली म्हनून काढला. उकळाया लागतं, ते मना कोन सांगल?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. या घरात मी आजवर कोराच चहा प्यायले होते. मला वाटायचं, दूध विकत असतील. या घरानं गाईचं दूध कधी स्वतःसाठी काढलंच नव्हतं. वासराच्या वाट्यातला एक पेला निघाला, तो फक्त माझ्या मुलीसाठी.

माझा आवाज आपोआप खाली आला. आम्ही दोघींनी चुलीवर दूध ठेवलं, चांगलं वर येऊ दिलं, निववलं. काकींनी पेला भरून रेवासमोर धरला. तिनं वरची साय पाहिली आणि तोंड फिरवलं... "नको मला."

आणि मी खूश झाले हो! मनातल्या मनात अक्षरशः टाळी वाजवली. मग काकींकडे पाहिलं. त्या पेला तसाच धरून बसल्या होत्या, काय चुकलं ते न कळल्यासारख्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली...

घरी जाऊन गाळणी घेऊन आले. दूध गाळलं, पेला मुलीला दिला नाही, काकींच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच द्या. तुमच्याकडून घेते ती."

रेवानं एका दमात पेला रिकामा केला. मग ओठांवरची दुधाची मिशी पुसायला तिनं काकींचा पदर ओढला. माझी ओढणी तिच्या हाताशीच होती.

जळले मी. अजूनही जळते... पण त्या पदराची मी जन्मभर ऋणी आहे.