खोड सांगणारी सायकलबाई

सायकलबाई जुनी सायकल विकताना आधी तिची खोड सांगायची आणि मग किंमत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी खोड ऐकून घेतल्याशिवाय त्याला सायकलीला हात लावू द्यायची नाही. "हिचा मागचा चक्का दोनदा आउट काढेल हाये. पान्या-पावसात चेन उतरते. आता सांगा, हेच पाह्याची का दुसरी दाखवू?" बैलबाजारात जे सगळे लपवतात ते ही बाई भर रस्त्यावर मोठ्याने सांगायची. तरीही तिच्या सायकली विकल्या जात.

आमच्या गावच्या फाट्यावर, जिथून सिमेंटचे ट्रक गडचांदूरकडे वळतात, तिथे टिनाच्या शेडमध्ये तिचं दुकान होतं. दुकान मुळात नवऱ्याचं. तो गेल्यावर तिने ते बंद केलं नाही, एवढंच. माहेर नदीकाठचं, मासेमारी करणारं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ती झाडूची काडी रिमजवळ धरून चाक फिरवायची आणि काडी जिथे घासली तिथली तार पान्याने पिळायची. वय साठीच्या आसपास. सगळे तिला सायकलबाईच म्हणत. तिचं खरं नाव मी पुढे एका सरकारी यादीत वाचलं. त्या यादीचं सांगायचं आहेच.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, एका सरकारी कचेरीत लिपिक. मुलगी शिकायला चंद्रपूरला गेली आणि स्कूटी घेऊन गेली. डॉक्टरांनी शुगर सांगितली. घर ते कचेरी तीन किलोमीटर. सायकल घ्यायची ठरवली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, एकवीस गिअरची घ्या. भाच्याने मोबाईलवर पातळ टायरची दाखवली. दोन्हींच्या किमती ऐकून मी सायकलबाईकडे गेले.

तिने किती पैसे आणलेत ते विचारलंच नाही. विचारलं, "कामावर जाताना संगं काय नेता? साडी का ड्रेस? रस्त्यात चढ कुठी हाये?"

"चढ एकच. पुलाचा."

"मंग गिअर काहाले पायजे? पुलाजवळ उतराचं आन चालत जाचं. लाज वाटते का?"

मला वाटत होती. मी तसं म्हटलं नाही.

माझी नजर एका जांभळ्या सायकलीवर गेली होती. पुढे टोपली, नवा रंग, किंमत माझ्या आवाक्यातली. मी हात लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, खोड आयका. हिचा पुढच्या चाकाचा फोर्क ट्रकखाली येऊन वाकला होता. म्याच सरळ केला, म्याच रंग देल्ला. सालभर काई होनार नाई. मंग एक दिवस होईन. तुमाले नाई देत मी ते." रंगाखाली काय आहे ते तिच्याशिवाय कोणालाही कळलं नसतं. ती सायकल चार महिन्यांपासून तिथे पडून होती.

मग तिने एक काळी, बिनदांडीची, बावीस इंची सायकल बाहेर काढली. चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी, कॅरिअर भक्कम. मी बसायला गेले तर म्हणाली, "बसू नोका. आधी हातात धरून बोअरिंगपर्यंत नेऊन आना." हा तिचा नियम होता. मी भर दुपारी हातपंपापर्यंत सायकल ढकलत गेले आणि ढकलत परत आले. चहाच्या टपरीवरची माणसं हसत होती. ती म्हणाली, "इथी अर्धा साल चिखल असते. तवा सायकल तुमाले नेत नाई, तुमी सायकलीले नेता. जड वाटली का?" नाही वाटली. मग आडवी पाडून उचलायला लावली. तीही उचलली. तेव्हा कुठे तिने किंमत सांगितली. जांभळीपेक्षा कमी होती.

मी रोज त्या सायकलवरून कचेरीत जाऊ लागले. पुलाजवळ उतरून चालायची लाज आठ दिवसांत गेली. महिन्यातून एकदा हवा भरायला थांबले की ती सायकलीची तपासणी करायची आणि चार लोकांसमोर माझी. "मॅडम, चेन पाहा कशी कुरकुर करून राह्यली. तुमच्या हापिसात फायलीले तेल लावल्याबगर ते हलत नाई म्हनतेत. मंग सायकलीले काऊन नाई लावत?" लोक हसायचे. मीही हसायचे. मी कधी कोणाकडून पैसे घेतले नव्हते, म्हणून हसू शकत होते. स्वतःला मी प्रामाणिक समजत होते.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. फाट्यावरच्या टपऱ्यांना नोटिसा आधीही तीन वेळा गेल्या होत्या आणि काही झालं नव्हतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. या वेळी तारीख पक्की झाली. पोलीस बंदोबस्ताचं पत्र मी टाईप केलं. पाडायच्या टपऱ्यांची यादी माझ्या हातून गेली. सायकलबाईचं नाव त्यात चौथं. वरून सूचना होती की तारीख बाहेर जाऊ द्यायची नाही, लोक जमा होतात.

आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे थांबले. रोजच्या रस्त्यानेच गेले, कारण न जाणं वेगळं दिसलं असतं. तिने पंप बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, जेसीबी येऊन राह्यला म्हनतेत. खरं हाये का? तसं असन तं मी सामान माह्या भाच्याच्या गाडीत टाकून देतो. दोन घंट्याचं काम हाये."

तिने तारीख विचारली नव्हती. फक्त खरं की खोटं एवढंच विचारलं होतं.

"मले काय मालूम, बाई," मी म्हटलं. "साहेबाले माहीत."

ती बरं म्हणाली. मग खाली वाकून म्हणाली, "मागचा ब्रेक घासला तुमचा. पुलावरून उतरता, ट्रक असतेत. थांबा." आणि तिने नवे रबर बसवले. मी थांबले. तिथे उभी राहून, बसवून घेतले.

सकाळी मी पंचनाम्याचा कागद घेऊन जेसीबीच्या मागे उभी होते. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली. सायकलबाईकडे दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या नऊ सायकली होत्या. तिने आधी त्या बाहेर काढल्या, एकेक करून, रस्त्यापलीकडे नेऊन उभ्या केल्या. मी मनात म्हणत होते, बाई, आधी तुझी अवजारं काढ. ओरडून सांगायला हवं होतं. तेवढंही केलं नाही. नववी सायकल पलीकडे गेली तेव्हा दहा मिनिटं संपली होती. पंप, पाने, आउट काढायचा स्टँड, नवे टायर, तिच्या विकायच्या सायकली, सगळं टिनाखाली गेलं. मी कागदावर लिहिलं: एक टिनपत्र्याचे शेड, हटविले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदराने तोंडावरची धूळ पुसली.

ती माहेरी निघून गेली. मी कामाची माणूस आहे. अशा गोष्टींवर रडत बसत नाही. स्वतःला सांगितलं, नियम होता, नोकरी होती, माझ्या सांगण्याने शेड वाचलं नसतं. ते खरंच होतं. फक्त तिने शेड वाचवायला सांगितलंच नव्हतं. तिला दोन तास हवे होते.

पाच महिन्यांनी एका रविवारी मी त्याच काळ्या सायकलवर नदीकाठच्या तिच्या गावी गेले. ती भावाच्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. मला पाहून उठली, पाणी आणून दिलं आणि पहिल्यांदा सायकलीकडे पाहिलं. "चेनले तेल देता आता. चांगलं हाये."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "बाई, त्या संध्याकाळी मले मालूम होतं. तारीख बी मालूम होती."

तिने खाली बसून जाळ्याची अर्धी राहिलेली गाठ पुरी केली. मग म्हणाली, "मालूम होतं तं सांगाचं होतं ना. शेड सरकारी जागेवर होतं, ते जानारच होतं. पंप तरी वाचला असता. स्टँड माह्या नवऱ्यानं बनवला होता." आवाज चढलेला नव्हता. माझ्याकडे क्षमा मागायला शब्द तयार होते, पण ती थांबलीच नाही. "आता अजून कोनाचं नाव हाये का यादीत?"

होतं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या अकरा टपऱ्या. यादी पुन्हा माझ्याच टेबलावरून गेली होती. मी म्हटलं, "मंगळवारी."

तिने जाळं खाली ठेवलं. "मंग इथी काऊन उभी हायेस? जा ना!"

ती मला नेहमी तुमी म्हणायची. मी सायकल वळवली.

सोमवारी सकाळी कचेरीआधी मी फाट्यावर पहिल्या टपरीपाशी उतरले. पोहेवाला भाऊ कढईत तेल ओतत होता. मी म्हटलं, "भाऊ, उद्या सकाळी जेसीबी येनार हाये. आजच सामान हलवा. बाकीच्यायले मी सांगतो."

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. "पक्कं?"

"पक्कं. पत्र मीच टाईप केलं."

त्याने हात फडक्याला पुसले. मग विचारलं, "मॅडम, सायकलबाईच्या वक्ती बी तुमाले मालूम होतं का?"

"हो."

त्याने गॅस बंद केला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागला. मी सायकल हातात धरून पुढच्या टपरीकडे चालू लागले. अजून दहा जणांना सांगायचं होतं, आणि तो प्रश्न बहुधा प्रत्येक जण विचारणार होता.