शेवटची कात

मी ज्या गटातल्या कोळ्यांचा अभ्यास करतो, त्यांच्या माद्या एकसारख्याच दिसतात. नराच्या तोंडाजवळ स्पर्शपादांची एक जोडी असते. तिच्या टोकाची घडण पाहिल्याखेरीज नवी प्रजाती सिद्ध करता येत नाही. दक्षिण सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात मला मिळालेला एकमेव नर वयात आलेला नव्हता. स्पर्शपाद फुगलेले होते, पण मिटलेले. आणखी एकदा, शेवटची, कात टाकली की ती घडण उघडी होणार होती.

म्हणून त्याला जिवंत पुण्यात आणले. मागोमाग कळले की तो जिथे सापडला ती राई रस्त्यासाठी तोडली गेली. दुसरा नर आता मिळणार नव्हता. माझा उजवा डोळा गेलेला होता आणि डाव्याची हमी डॉक्टर देत नव्हते.

ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत ओल टिकावी म्हणून त्याची बरणी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. मंडईतून काळी पडलेली केळी आणत असे. त्यांवर धरणारी चिलटे हे त्याचे अन्न.

"अहो, आंघोळीला जाऊ का," पत्नी दाराशी थांबून विचारी, "की पाहुण्यांची झोपमोड होईल?"

"जा. गरम पाणी जास्त सोड. वाफ हवी."

"जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त ठेवली नव्हती तुम्ही."

एका गुरुवारी सकाळी तो धाग्याला उलटा लटकलेला दिसला. कात सुटू लागली होती. नेमके त्या दिवशी पेठेत पाणी बंद होते. नळ कोरडे, न्हाणीघर कोरडे. बरणीतला ओला कापूस पुरेना.

कात टाकणाऱ्या कोळ्याला हात लावायचा नाही, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावले होते. स्टुलावर बसून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. उजवी बाजू सुटली. डावी सुटली नाही. पाय आणि स्पर्शपाद जुन्या कातडीतच अडकून राहिले, आणि तो तळाशी पडला. आमच्या शास्त्रात चित्र डाव्या स्पर्शपादाचे काढण्याची रीत आहे.

उजवा मोकळा होता, पण पांढुरका, मऊ. तसाच अल्कोहोलमध्ये टाकला असता तर आकसून निरुपयोगी झाला असता. तो टणक होईपर्यंत प्राण्याने जगायला हवे होते, आणि त्याला पाण्यापर्यंत सरकता येत नव्हते. मी कुंचला भिजवून तोंडाशी नेला. एका डोळ्याने अंतर कळेना, थेंब भलतीकडे पडला. पुन्हा तसेच. मी कुंचला ठेवून दिला. सगळे संपले, असे मी म्हणालो.

पत्नी देवघरातून एक फुलवात घेऊन आली. पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात तिचे टोक बुडवून तिने ते त्याच्या तोंडाशी धरले.

"सरका. उजेड अडवताय."

तो प्यायला.

नंतरचे काही दिवस ती वाकून त्याला पाणी पाजत राहिली. स्पर्शपाद तपकिरी झाला.

"आता?" तिने विचारले.

"आता अल्कोहोल."

तिच्या बोटांत ओली फुलवात होती. "मग इतके दिवस मी काय करत होते?"

मी बाटलीचे बूच काढले.

चित्र डाव्या डोळ्याने पुरे केले. खाली लिहिले: उजवा स्पर्शपाद, डावा कात टाकताना निकामी. प्रजाती मान्य झाली. आढळस्थान म्हणून नोंदलेली राई तेव्हा उरलेली नव्हती.

रिकामी बरणी अजून न्हाणीघराच्या खिडकीत आहे. ती तिथून हलवा, असे पत्नीने अद्याप म्हटलेले नाही.