भरडाईची चुनी

चांदूर बाजारात माझी तूर भरडायची गिरणी आहे. मोठी दालमिल नव्हे. तसल्या मिली अकोल्याला, ट्रक भरून तूर खाणाऱ्या. माझी एक मोटर, एक पट्टा आणि दगडाची एक जोडी. बापानं मांडलेली. मी चौथीतून शाळा सोडली आणि इथं येऊन बसलो, तो अजून उठलो नाही.

आमचा कायदा बापाच्या वेळचा. माणूस घरी तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून आणणार. मी भरडून देणार. अख्खी डाळ त्याची. दगडाखाली जी फुटते तिचा चुरा आणि वरचं टरफल मिळून चुनी होते, ती माझी. हीच भरडाई. पैशाचं नावच नाही. चुनी मी गवळ्याला द्यायचो, तो म्हशींना घालायचा आणि माझ्या घरी दोन वेळा दूध टाकायचा. सलूनवाला आपली डाळ न्यायचा, चुनीही न्यायचा आणि वर्षभर माझी दाढी करायचा. माझ्या घरात दूध विकत आलेलं मला आठवत नाही, आणि याचा मला ताठा होता. होताच, खोटं कशाला बोलू.

मुलगा अमरावतीला एका दुकानात कामाला, रोज येजा करतो. गिरणीत माझ्यासोबत सून असते. पट्टा चढवणं, चाळणी झाडणं, पोती शिवणं, सगळं करते. फक्त पेचाला हात लावू देत नसे मी तिला. वरचा दगड खालच्यावर किती टेकवायचा ते त्या पेचावर ठरतं. ढिला राहिला तर तूर अख्खीच बाहेर येते, जास्त कसला तर डाळीचा भुगा होतो. हे डोळ्यानं कळत नाही. दाणा दगडात कसा बोलतो ते ऐकायचं आणि पेच फिरवायचा. बाप सांगायचा, भरडणारा कानानं भरडतो.

दिवाळीत सुनेनं फोनवरून पैसे घ्यायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद आणला आणि सोबत पैसे आले की बोलून सांगणारा एक डबा. म्हणाली, आता तरण्या पोरी चुनी ठेवून जायला तयार नाहीत, त्यांना पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. अमरावती रोडवरच्या नव्या गिरणीत तसंच चालतं. मी कागदावर कालनिर्णयाचं पान लटकवलं आणि डबा पोत्यांच्या मागे ठेवला. ज्याला पैशाचा जोर दाखवायचा असेल त्यानं त्या नव्या गिरणीत जावं, असं मी म्हटलं. काही गेलेही.

त्या मार्चात बाजाराच्या दिवशी एक बाई आली. बचत गटाची, पन्नाशीची, कपाळावर घाम. गटाच्या बाया गावात तूर वाळवतात, भरडून पिशव्या भरतात आणि अमरावतीला दुकानात देतात. तीन पोती होती. माल दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचा होता. दुकानदारानं सांगून ठेवलं होतं की मागच्या खेपेसारखी तुकड्यांची डाळ आली तर पुन्हा येऊ नका. मागची खेपही माझ्याच दगडाखालून गेली होती, हे ती बोलली नाही. मलाही सुचलं नाही.

पहिलं पोतं उतरलं. ती डाळीच्या ढिगाजवळ उकिडवी बसली, मूठ भरली, उघडली. मग उठून माझ्या चुनीच्या ढिगाकडं गेली आणि तिथं बराच वेळ उभी राहिली. नंबर लावून सात-आठ माणसं बसली होती. सगळी ओळखीची.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमची मजुरी या चुनीतच हाय ना? मंग चुनी जास्त पडनारच."

मोटरवर ऐकू येईल इतकाच आवाज होता, राग नव्हता. तसंच बोलली, जसं भाजीवालीला म्हणावं की वजन कमी आहे. मी मोटर बंद केली. मोटर बंद झाल्यावर गिरणीत जी शांतता होते ती मला कधीच आवडली नाही. त्या दिवशी तर अंगावर आली.

मी तिला म्हटलं की तुझी तूर ओली आहे. ओली तूर फुटते. तिनं पोत्यातून एक दाणा काढला, दाढेखाली धरला आणि फोडला. कट्ट. तो आवाज मात्र मला आला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात पुढं केला, त्यानंही एक दाणा चावला आणि खाली पाहिलं. त्याच्या खाली पाहण्यानं मला जास्त लागलं.

आता गोष्ट डाळीची राहिली नव्हती. साठ वर्षं या गिरणीत कुणी बापाला किंवा मला चोर म्हटलं नव्हतं. बाजाराचा दिवस. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पंधरा गावांत जाणार. मी म्हटलं, थांब, दगड उघडून दाखवतो. पेच काढला, सून आणि मी मिळून वरचा दगड उचलला, भिंतीला टेकवला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. छिन्नीनं टाकी मारून महिनाच झाला होता, दगडाचे दात चांगले होते. कुठं फट नाही, कुठं कोनाडा नाही.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "आता बोल."

"दगडात कायले चोरी राहीन," ती म्हणाली. "पेचात राहीन. तुमच्या सुनेले लावू द्या. एक पायली टाकू. तशीच डाळ निघाली तं मी तुमच्या पाया पडतो न चूप जातो."

मी नाही म्हणू शकत होतो. पण नाही म्हटलं असतं तर चोरी कबूल. सून माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली.

दगड परत बसवला आणि सुनेनं पेच लावला. मोटर सुरू केली, पायलीभर तूर वर ओतली आणि पेचावर हात ठेवून मान तिरपी केली. माझा बाप अशीच मान करायचा. एक वेढा ढिला केला. थांबली. आणखी अर्धा. मग माझ्या कानाजवळ येऊन मोठ्यानं बोलली, पण तिथं बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

"मामाजी, दगड दगडाले घासून राहिला होता. कवाचा कर्रकर्र करून राहिला. तुमाले आयकू नाई येत?"

मला मोटर ऐकू येत होती. पट्टा ऐकू येत होता. दगडाचं काहीच ऐकू येत नव्हतं.

खाली डाळ पडत होती. पिवळी, अख्खी, दोन-दोन फाकी सुट्या. चुनी पडत होती ती चिमूटभर.

तेव्हा मला सगळा हंगाम उलटा दिसला. दाण्याचा आवाज येईना म्हणून मी पेच कसत होतो. जितका कमी येई तितका जास्त कसत होतो आणि म्हणत होतो, औंदा तूरच पोचट आहे. गवळी म्हणाला होता की यंदा चुनी लय दमदार आहे, म्हशी खूश आहेत, आणि मापावर अर्धा लिटर दूध वर टाकत होता. मी ते मिशीवर ताव देऊन घेत होतो. ते लोकांच्या डाळीचं दूध होतं.

बाई माझ्याकडं पाहत होती. सगळेच पाहत होते. मला दोन वाटा होत्या. गप्प राहावं, तर मी लबाड ठरणार. खरं बोलावं, तर कानानं भरडणारा बहिरा ठरणार, आणि बहिऱ्याच्या हातात पेच कोण देतो. लबाड माणसाची गिरणी तरी चालते, हाही विचार माझ्या मनात आला. येऊन गेला.

"मी चोरी केली नाई," मी म्हटलं. "मले आयकू येत नाई. दगडाचा आवाज येत नाई मले. कवापासून, ते बी मालूम नाई."

तो म्हातारा शेतकरी उठला, त्यानं आपलं पोतं पुढं ओढलं आणि सुनेला म्हणाला, "या बाईचं झालं का माही घेजो, माय." माझ्याकडं न पाहता. गिरणीचं गिऱ्हाईक राहिलं आणि माझं गेलं, ते त्या एका वाक्यात.

बाईची उरलेली दोन पोती सुनेनं भरडली. पहिल्या पोत्याची चुनी मी माझ्या हातानं भरून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, ही तुझी, भरडाई माफ. ती म्हणाली, माफ कायची, फुकट काम आम्ही घेत नाही. चुनी गटाच्या बायांना वड्यांना लागते, ती तर नेतोच, पण भरडाईचे पैसे देतो. तिनं फोन काढला आणि इकडंतिकडं पाहिलं.

मी उठलो, कालनिर्णय खिळ्यावरून काढलं. डबा सुनेनं पोत्यांमागून आणला. मोटर चालूच होती. पैसे आले म्हणून तो बोलला म्हणे. मी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, तिनं मान हलवली, तेव्हा मला कळलं.

आता फळ्यावर खडूनं लिहिलं आहे, चुनी ठेवा नाहीतर पैसे द्या. अक्षर माझं आहे. म्हातारी माणसं अजून चुनी ठेवतात, तरण्या पोरी पैसे देतात. सलूनवाल्याचं जुनंच चालू आहे. पेच सून लावते. मी वरून तूर ओततो आणि तळहात लाकडी चौकटीवर ठेवून बसतो. दगड घासला तर हाताला कळतं का, ते शिकतो आहे. कधी कळतं.

गवळ्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की वरचं अर्धा लिटर बंद कर. तो म्हणाला, तेवढ्यानं काय होते. मी म्हटलं, बंद कर. आता चुनीच थोडी पडते, त्यामुळं दूध त्याहूनही कमी झालं आहे. चहा काळा होतो. घरात सगळे पितात, मीही पितो.