मशीनला खोटं शिकवणारा

गेल्या होळीच्या आदल्या सोमवारी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरच्या सुमनताईवर अन्याय झाला. वणव्याची खबर तिने वायरलेसवरून दिली, ती खाली पोचलीच नाही. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने अँटेना मोजून "ठीक आहे" म्हटलं आणि "बाईला चालवता येत नाय" म्हणून गावच्या वन समितीने तिचा वायरलेस सेट काढून घेतला.

हा दुरुस्तीवाला बोलताना प्रत्येक जोडणीवर फुंकर मारतो. "मशीन खोटं बोलत नाय, शेठ," हे त्याचं पालुपद. त्याचा नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे अँटेना तपासायचं मशीन, नवा होता, पण मोजण्याआधी मशीन ज्या तुकड्यांनी जुळवायचं ते कॅलिब्रेशन किट मुरबाडहून जुनं आणलेलं. ज्या तुकड्याने जुळवलं, त्यानेच पडताळलं. मग सगळं छानच दिसणार!

मी सुमनताईची शेजारीण; त्याच्या दुकानात जाऊन भांडले. मला गप्प करायला त्याने मित्राचा नवा तुकडा लावला आणि पडद्यावरची रेघ भलतीकडेच गेली; म्हणजे जुन्या किटने जुळवलेलं मशीनच चुकीचं मोजत होतं. फुंकर थांबली.

त्याने तडक शटर ओढलं, पाडा चढला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, मशीनला खोटं मीच शिकवलं. तुमी बरोबर होता."

पुन्हा मोजली तेव्हा अँटेना बिघडलेलीच निघाली. त्याने नवी चढवली, समितीने सेट परत दिला. सुमनताईचा आवाज शहापुरात खणखणीत पोचला, "आता आयकू येतंय का रे?" खालून "येतंय!" आलं आणि अख्खा पाडा आनंदाने ओरडला!

तुम्हीही जुनं किट वापरता ना? मग आजच दुसऱ्या, खात्रीच्या तुकड्याने ते पडताळा. तोवर कुणाच्या हातातला सेट काढू नका.