आईच्या उजव्या पायाचा कूटपाद

आईले लकवा मारला तवा आमी सेक्टर दोनच्या क्वार्टरमंदी राहत होतो. तिचा उजवा पाय जड झाला. डॉक्टर म्हणे, रोज चालवा, नाई तर पाय कायमचा जाईन. पण आई खाटेवरून उठाले तयार नाई. "लंगडी झाली म्हनून लोकाइले दाखवू का?" म्हणे. मी तोंडाची भल्ली तिखट. तिच्यावर ओरडायची अन् मंग न्हाणीत जाऊन रडायची.

मी नेहरू नगरच्या एका कोचिंगमंदी बायोलॉजी शिकवते. इकडं हिंदी मुलुख, शिकवणं सारं हिंदीत, म्हणून घरी आईजवळ बसून मोठ्यानं वाचून घ्यायची. त्या दिवशी जीव कसे चालतात, हा धडा होता. गांडूळ अंग आवळते, लांबवते अन् पुढं सरकते. गोगलगाय आपला चिकट रस्ता आपणच करत जाते. मंग मी वाचलं, "अमीबा कूटपाद से चलता है."

"कूट? दाण्याचा?" आईनं विचारलं.

"अवं, हिंदीतला कूट म्हणजे खोटा. खोटा पाय."

"मले वाटलं, कूट खाऊन पादते का काय."

अन् आई हासली. वाकड्या तोंडानं, दोन महिन्यात पहिल्यांदा. मीही पुस्तक ठेवून पोट धरून हासली.

मंग आई म्हणे, "पायच नाई, तर चालते कसा?"

"जिकडं जायचं तिकडं थोडं अंग पुढं ढकलते, तोच त्याचा पाय. बाकीचं अंग मांगून त्याच्यात येते. पाय जिरते. पुढच्या वेळी नवा काढते."

इतकी वर्षं शिकवून राहिली, पण हे सांगता सांगता माह्याच अंगावर काटा आला. ना हाड, ना डोकं, तरी तो थेंब एका जागी बसून राहत नाई. मले त्याचं लय कौतुक वाटलं.

"लोक हासत नाई त्याले?"

"दिसतच नाई तो कोणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणे, "बाहेरचं दार लाव." मी लावलं. ती भिंत धरून उठली. मी हात द्यायले गेली तर म्हणे, "थांब, कूटपाद निघून राहिला." उजवा पाय जरासा घासत पुढं आला, मागून सारं अंग आलं. स्वयंपाकघर गाठाले तिले किती वेळ लागला, मी पाह्यलं नाई. मले डोळे पुसायचे होते.

मंग रोज तेच. मी दार लावायची, ती चालायची. महिनाभरानं एका सकाळी मी कडी लावायले गेली, तर आई मागून म्हणे, "राहू दे उघडं."